वाचकांचे प्रश्न : डेटाबेसच्या चाचणीसाठी घरचं सर्टिफिकेट

गेल्या अंकात मी अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यामधल्या तारेवरून काय काय उघडं जातं याविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात : चाचणीच्या मशीनवर एन्क्रिप्शन लावायचं तर सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, आणायचं कुठून, आणि लावल्यावर जी एरर येते तिचं करायचं काय. म्हणून या वेळी तेवढाच विषय घेते. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : मॅडम, आम्ही तिघी फायनल इयरला आहोत. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी रुग्णनोंदणीचं सॉफ्टवेअर हा आमचा प्रोजेक्ट. डेटाबेस पोस्टग्रेस, तो माझ्या लॅपटॉपवर आहे, उबुंटूवर. दोघी मैत्रिणी हॉस्टेलच्या वायफायवरून त्याला जोडतात. सरांनी कनेक्शन एन्क्रिप्टेडच हवं असं सांगितलं. मी सर्टिफिकेट बनवून लावलं, ‘एसएसएलमोड व्हेरिफाय-फुल’ लिहिलं, तर रूट सर्टिफिकेटची फाइल नाही अशी एरर आली. एका सीनियरने ‘व्हेरिफाय-फुल’च्या जागी ‘रिक्वायर’ लिहायला सांगितलं. लिहिलं, एरर गेली, आणि आता पीएसक्यूएल (पोस्टग्रेसची कमांड खिडकी) उघडलं की ‘एसएसएल कनेक्शन’ अशी ओळही दिसते. म्हणजे झालं ना? की सर्टिफिकेट विकत घ्यावं लागेल?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : विकत काहीही घेऊ नकोस. पण झालं म्हणशील तर अर्धंच झालंय, आणि राहिलेलं अर्धंच महत्त्वाचं आहे.

‘रिक्वायर’ म्हणजे दार लावून बोलायचं. बाहेरच्याला ऐकू जाणार नाही. पण आत तुझ्यासमोर कोण बसलंय हे तू पाहिलेलंच नाहीस. त्या वायफायवर दुसऱ्या कुणी तुझ्या सर्व्हरच्या पत्त्यावर आपला लॅपटॉप उभा केला आणि मनाला येईल ते सर्टिफिकेट पुढे केलं, तरी तुझ्या मैत्रिणींचं अ‍ॅप्लिकेशन ते घेईल आणि रुग्णांची नावं त्याच्याच हातात देईल. स्क्रीनवर ‘एसएसएल कनेक्शन’, ‘टीएलएस १.३’ (एसएसएलचंच नवं रूप) वगैरे ओळ तेव्हाही अशीच दिसेल. ती ओळ फक्त दार लावलंय एवढंच सांगते.

सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट म्हणजे काय हे तुला सांगायला फार लांब जावं लागणार नाही. अ‍ॅडमिशनच्या वेळी मार्कशीटच्या झेरॉक्सवर तू स्वतःच सही करून दिली असशील. स्वयंसाक्षांकित प्रत. पूर्वी त्याच झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का लागायचा. शिक्क्यावर विश्वास असायचा, कारण अधिकारी तिसरा माणूस. सर्टिफिकेट अथॉरिटी, म्हणजे सीए, हा तो तिसरा माणूस. सेल्फ-साइन्डमध्ये तिसरा कुणी नाही, ज्याचं सर्टिफिकेट त्याचीच सही. अशी प्रत खिडकीतल्या क्लार्कला चालते ती त्याला आधी तसं सांगून ठेवलेलं असतं म्हणून. तुझ्या एररमध्ये नेमकं हेच घडलं. क्लार्कला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्याने कागद परत केला.

ती एरर पुन्हा वाच. रूट सर्टिफिकेटची, म्हणजे ज्याच्या सहीवर विश्वास ठेवायचा त्याच्या सर्टिफिकेटची, फाइल सापडत नाही, एवढं सांगून ती पुढे उपाय सुचवते : एक तर फाइल द्या, नाहीतर एसएसएलमोड बदलून तपासणी बंद करा. नव्या आवृत्त्यांमध्ये सिस्टिमचे रूट वापरा असा आणखी एक पर्याय असतो. घाईत असलेला माणूस तपासणी बंद करण्याचाच उपाय उचलतो, कारण तो एका शब्दात होतो. तुझ्या सीनियरला मी दोष देत नाही. मी स्वतः हे एका पॅथॉलॉजी लॅबच्या कामात केलं आहे, आणि त्याची आठवण अजून अंगावर येते.

टेस्टच्या मशीनवर सर्टिफिकेट कुरकुर करत होतं, म्हणून आम्ही कनेक्शनच्या ओळीत तपासणी बंद केली. नंतर करू म्हणालो. ती फाइल तशीच कॉपी होऊन प्रॉडक्शनवर गेली. काही महिन्यांनी डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवला. शनिवारची रात्र. नाव जुनंच ठेवलं, मशीन नवं, सर्टिफिकेटही नवं, आणि त्या नव्या सर्टिफिकेटबद्दल एकाही अ‍ॅप्लिकेशनला आम्ही काही कळवलेलं नव्हतं. तरी सगळी कलेक्शन सेंटर्स एका झटक्यात जोडली गेली. खोलीत सगळे खूश झाले. मी मात्र खुर्चीत बसूनच राहिले. अनोळखी सर्टिफिकेट पाहून एकाने तरी अडायला हवं होतं, आणि कुणीच अडलं नव्हतं. इतके महिने लोकांचे रक्ततपासणीचे रिपोर्ट ज्या तारेवरून जात होते, तिच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे कुणी विचारतच नव्हतं.

तेव्हापासून माझ्यासाठी चाचणीचा अर्थ बदलला. कनेक्शन जुळलं यावर मी टिकमार्क करत नाही. जिथे जुळायला नको तिथे ते तुटलं, हे डोळ्यांनी पाहिल्यावर करते. तुलाही तेच करायला सांगणार आहे.

आता प्रत्यक्ष काम. एकच सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट बनवून तेच मैत्रिणींकडे रूट म्हणून दिलं तरी भागेल. पण तू दहा मिनिटं जास्त दे आणि आपला छोटा सीए बनव. सर्व्हर उद्या दुसऱ्या लॅपटॉपवर गेला किंवा सर्टिफिकेटची मुदत संपली, तर फक्त सर्व्हरचं नवं बनवायचं. मैत्रिणींकडची रूट फाइल तशीच राहते.

सुरुवात नावापासून. वायफायवर तुझ्या लॅपटॉपचा आयपी पत्ता आज एक, उद्या दुसरा. म्हणून सर्टिफिकेटमध्ये आयपी लिहू नकोस, नाव लिही. आरोग्य-डीबी डॉट टेस्ट असं काहीतरी. शेवटी ‘डॉट टेस्ट’ का, तर ते टोक १९९९ पासून अशाच कामांसाठी राखून ठेवलेलं आहे, इंटरनेटवर कुणाला ते विकत मिळत नाही. मैत्रिणींच्या होस्ट्स फाइलमध्ये या नावापुढे तुझा आयपी लिहायचा. पत्ता बदलला की तेवढी ओळ बदलायची, सर्टिफिकेटला हात लावायचा नाही. बाजारातल्या सीएकडून असं अंतर्गत नाव मिळत नाही. सार्वजनिक सीएंना अशा नावांची सर्टिफिकेट देणं २०१५ च्या नोव्हेंबरपासून बंदच आहे. म्हणजे पैसे मोजायला तयार असलीस तरी हे घरीच करावं लागलं असतं.

मग ओपनएसएसएल, सर्टिफिकेट बनवायचं साधन. उबुंटूवर ते असतंच, आणि विंडोजवाल्या मैत्रिणीकडे गिट असेल तर त्याच्यासोबत आलेलं असतं. ‘रेक’ या आज्ञेला ‘-एक्स५०९’ जोडलं की सहीसाठीची विनंती न बनता थेट सही केलेलं सर्टिफिकेट बनतं. तेच तुझ्या सीएचं. इथे ‘-डेज’ लिहायला विसरू नकोस. विसरलीस तर मुदत मिळते फक्त ३० दिवसांची. प्रोजेक्टचं सबमिशन नेमकं एकतिसाव्या दिवशी असलं की रडायची पाळी येते. ‘-नोड्स’ हा दुसरा पर्याय सगळे कॉपी करतात आणि नोड म्हणजे मशीन असं समजतात. त्याची फोड ‘नो डीईएस’ अशी आहे, म्हणजे प्रायव्हेट की, सर्टिफिकेटच्या जोडीची गुप्त किल्ली, पासवर्डने कुलूपबंद करू नकोस. ओपनएसएसएल ३ मध्ये त्याला ‘-नोएन्क’ असं नवं नाव आहे. सर्व्हरच्या कीसाठी ते लाव, नाहीतर पोस्टग्रेस सुरू होताना पासवर्ड मागत बसेल. सीएच्या कीसाठी लावू नकोस, तिला कुलूप हवंच.

यानंतर सर्व्हरची की आणि विनंती बनवून तिच्यावर सीएची सही घ्यायची. इथे एक गळती आहे, आणि चांगले चांगले तिथे अख्खा दिवस घालवतात. सर्व्हरचं नाव आता ‘कॉमन नेम’मध्ये लिहून पुरत नाही. ते ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ या खान्यात लागतं. क्रोमने २०१७ मध्ये कॉमन नेम पाहणं सोडलं, गो भाषेने २०२० मध्ये. पोस्टग्रेसची स्वतःची लायब्ररी अजून जुनं चालवून घेते, पण उद्या तू दुसऱ्या भाषेतून जोडशील तेव्हा अडशील. आता गळती कुठे? तू विनंतीत हा खाना नीट भरतेस, आणि ‘एक्स५०९ -रेक’ने सही करताना तो सर्टिफिकेटमध्ये उतरतच नाही. सही करताना तो ‘-एक्स्टफाइल’ने वेगळा द्यावा लागतो, किंवा ओपनएसएसएल ३ असेल तर ‘-कॉपी_एक्स्टेंशन्स’ लिहावं लागतं. कुठलीच एरर येत नाही. सर्टिफिकेट बनतं, फक्त त्यात नाव नसतं.

म्हणून सही झाली की लगेच ‘एक्स५०९ -टेक्स्ट -नोआउट’ने ते उघडून वाच. पानभर आकडे येतील, घाबरू नकोस. चार ठिकाणी बोट ठेव. ‘इश्युअर’पुढे तुझ्या सीएचं नाव, ‘सब्जेक्ट’पुढे सर्व्हरचं. दोन्ही एकच असतील तर सही सीएची झालीच नाही. ‘नॉट बिफोर’, ‘नॉट आफ्टर’ या तारखा जीएमटीमध्ये असतात, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. दुपारी तीनला बनवलेल्या सर्टिफिकेटवर साडेनऊ दिसले तर ते बरोबरच आहे. आणि खाली ‘डीएनएस’ लिहून त्यापुढे तुझं नाव. ही ओळ नसेल तर पुढे जाऊ नकोस, सही पुन्हा कर.

एक सांगायचं राहिलं. उबुंटूच्या पॅकेजमधून पोस्टग्रेस घातलास तर एसएसएल आधीच चालू असतं, ‘स्नेकऑइल’ नावाचं सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट घेऊन. जत्रेत सर्व रोगांवर एकच तेल विकणारा बसतो ना, त्याच्या तेलाचं हे नाव. विश्वास ठेवू नका हे नावातच लिहिलेलं आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये त्याच्या जागी तुझ्या दोन फाइलींचे रस्ते टाक. की फाइलची मालकी पोस्टग्रेस युजरकडे आणि परवानगी ०६०० हवी, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. तिला ग्रुपला किंवा सगळ्यांना वाचता येत असेल तर पोस्टग्रेस ती स्वीकारत नाही, आणि ते योग्यच आहे.

पुढे ‘पीजी_एचबीए’ची फाइल, कोण कुठून जोडू शकतो हे ठरवणारी. बाहेरून येणाऱ्या ओळी ‘होस्ट’च्या ऐवजी ‘होस्टएसएसएल’ कर. फाइल वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते, तेव्हा एखादी जुनी ‘होस्ट’ ओळ तिथे राहिली तर एन्क्रिप्शन नसलेलाही आत येईल. मैत्रिणींच्या होम फोल्डरमध्ये ‘डॉट पोस्टग्रेएसक्यूएल’ नावाचा फोल्डर करून त्यात सीएचं सर्टिफिकेट ‘रूट डॉट सीआरटी’ या नावाने ठेव, विंडोजवर ते अ‍ॅपडेटाखाली जातं. फक्त सर्टिफिकेट द्यायचं, की कुणालाही नाही. आणि एसएसएलमोड पुन्हा ‘व्हेरिफाय-फुल’, म्हणजे सही आणि नाव दोन्ही तपासायचं.

आता जुळेल. लॅपटॉप बंद करू नकोस, खरी चाचणी इथून सुरू होते.

आधी नावाच्या जागी तुझा आयपी लिहून जोडून बघ. सर्टिफिकेट होस्टनेमशी जुळत नाही म्हणून तुटलं पाहिजे. मग त्याच कृतीने दुसरा, खोटा सीए बनव, त्याच्या सहीचं सर्टिफिकेट सर्व्हरवर लाव, रीलोड कर. मैत्रिणीकडे ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ आलं पाहिजे. हीच ती चाचणी जी त्या शनिवारी रात्री आमच्याकडे नव्हती. खरं सर्टिफिकेट परत लाव आणि एसएसएलमोड ‘डिसेबल’ कर. पीजी_एचबीएमध्ये अशी नोंद नाही, एन्क्रिप्शन नाही, असं उत्तर आलं पाहिजे. शेवटी एक दिवस मुदतीचं सर्टिफिकेट बनवून आज लाव, परवा जोडून बघ. चारही वेळा तुटलं, तर चारही एरर तुमच्या रिपोर्टमध्ये चिकटवा. परीक्षकांना हिरवी टिकमार्क दाखवण्यापेक्षा हे दाखवा.

सरांनी आग्रह का धरला हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक प्रयोग अवश्य कर. थोडा वेळ जुनी ‘होस्ट’ ओळ परत घाल, खोट्या नोंदी भर, आणि तुझ्या लॅपटॉपवर ५४३२ या पोस्टग्रेसच्या पोर्टवर ‘टीसीपीडम्प -ए’ लाव, तारेवरून काय जातंय ते हे साधन दाखवतं. मैत्रिणीला एसएसएल बंद करून रुग्णांची यादी काढायला सांग. तुझ्या स्क्रीनवरून तिची सिलेक्ट क्वेरी जशीच्या तशी सरकेल. मागोमाग उत्तर. मराठी नावांच्या जागी नुसती टिंबं दिसतील, कारण देवनागरीचं एकेक अक्षर तीन तीन बाइटांचं असतं आणि टीसीपीडम्प ते अक्षर म्हणून दाखवत नाही. वाटेल की नावं तरी सुरक्षित आहेत. तसं नाही, बाइट सगळे तिथेच आहेत, कुणीही ते जोडून वाचू शकतं. आणि टिंबांच्या मध्ये मोबाईल नंबर स्वच्छ वाचता येतील, दहाच्या दहा आकडे. मी हे वर्गात दाखवते तेव्हा मुलं बोलायची थांबतात. मग एसएसएल चालू करून तीच यादी काढ. काहीच वाचता येणार नाही.

आणखी एक. तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर होस्ट न लिहिता पीएसक्यूएल उघडलंस तर एसएसएलची ओळ दिसणारच नाही. तिथे जोडणी युनिक्स सॉकेटवरून होते, नेटवर्कवर काही जातच नाही. सेटिंग बिघडलं समजून सगळं पुन्हा करत बसू नकोस.

प्रश्न : वरच्यासारखाच गोंधळ, पण आमचा एसएसएलमोड डिफॉल्टच, म्हणजे ‘प्रिफर’ आहे. सर्व्हरवर एसएसएल आहे, तर ‘प्रिफर’ने ते आपोआप घेतलं जातं. मग बदलायचं कशाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण ‘प्रिफर’ नकारालाही मान तुकवतो. पोस्टग्रेसमध्ये जोडणीची सुरुवात साधी, उघडी असते. क्लायंट विचारतो, एसएसएल आहे का? सर्व्हर एका अक्षरात उत्तर देतो, ‘एस’ किंवा ‘एन’. त्या क्षणापर्यंत काहीच एन्क्रिप्टेड नसतं. मध्ये बसलेल्या कुणी सर्व्हरच्या आधी ‘एन’ उत्तर दिलं, तर ‘प्रिफर’ म्हणतो बरं, आणि सगळं साध्या तारेवरून सुरू करतो. तुम्हाला कळतही नाही. ‘होस्टएसएसएल’ खऱ्या सर्व्हरचं दार राखतं, पण तुमचा क्लायंट खऱ्या सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाही तर त्या दाराचा काय उपयोग? बदला, ‘व्हेरिफाय-फुल’ करा.

प्रश्न : मी टेस्टिंगमध्ये आहे. आमचं अ‍ॅप्लिकेशन जावामध्ये, डेटाबेस मायएसक्यूएल. प्रत्येक बिल्डला डॉकरमध्ये नवा डेटाबेस उभा राहतो आणि टेस्ट चालतात. मायएसक्यूएल स्वतःच सर्टिफिकेट बनवतो असं वाचलं. पण त्याचं ‘सीए डॉट पेम’ ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासू सीएंच्या यादीत) घातलं की दुसऱ्याच दिवशी ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’. डेव्हलपरने एक ट्रस्टमॅनेजर (सर्टिफिकेट तपासणारा क्लास) लिहून दिलाय, त्याने सगळं चालतं. तो टेस्टपुरताच ठेवला तर हरकत आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : हरकत आहे. त्या क्लासच्या ‘चेकसर्व्हरट्रस्टेड’ मेथडमध्ये काय आहे ते उघडून बघा. माझा अंदाज, दोन महिरपी कंसांमध्ये काहीच नाही. कुणीही आला तरी आत घ्या, असा तो पहारेकरी आहे. आणि टेस्टपुरता लिहिलेला क्लास टेस्टपुरता राहत नाही, हे वर सांगितलंच.

तुमच्या एररचं कारण सोपं आहे. मायएसक्यूएल ५.७ पासून सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना डेटा फोल्डरमध्ये स्वतःचा सीए आणि सर्टिफिकेट बनवतो. तुमच्याकडे प्रत्येक बिल्डला डेटा फोल्डर कोरा, म्हणून सीए रोज नवा. कालचा ट्रस्टस्टोअर आजच्या सीएला ओळखणार कसा? शिवाय त्या आपोआप बनलेल्या सर्टिफिकेटमध्ये तुमच्या होस्टचं नावच नसतं, नावाच्या जागी ‘ऑटो जनरेटेड सर्व्हर सर्टिफिकेट’ अशा अर्थाचा मजकूर असतो. त्यामुळे फक्त सही तपासणाऱ्या ‘व्हेरिफाय_सीए’पर्यंत जाता येतं, नावही तपासणारं ‘व्हेरिफाय_आयडेंटिटी’ त्यावर कधीच जुळणार नाही.

सांगलीच्या मुलीला सांगितल्याप्रमाणे सीए एकदाच बनवा, आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट बाहेरून कंटेनरमध्ये माउंट करा. नावाच्या खान्यात कंपोझ फाइलमधलं सर्व्हिसचं नाव लिहा, सोबत लोकलहोस्टही, म्हणजे बिल्ड सर्व्हर आणि तुमचं टेबल दोन्हीकडे चालेल. एक जपा : सीए आणि सर्व्हर दोघांना एकच कॉमन नेम देऊ नका. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्येही हा इशारा आहे, तरी प्रॉम्प्टला दोन्हीकडे एंटर दाबत गेलं की नेमकं तेच होतं. आणि तुम्ही टेस्टिंगवाल्या आहात, तेव्हा खोट्या सीएची एक टेस्ट कायमची लिहून ठेवा, जी जोडणी तुटली तरच पास होते. उद्या कुणी तो रिकामा ट्रस्टमॅनेजर परत आणला की बिल्ड त्याच दिवशी लाल होईल.

प्रश्न : माझं यंत्रमागधारकांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, एसक्यूएल सर्व्हरवर. एका ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, त्यावर ओडीबीसी ड्रायव्हर (सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणारा भाग) १८ टाकला आणि चालू असलेलं सॉफ्टवेअर बंद पडलं. सर्टिफिकेट विश्वासार्ह नसलेल्या अथॉरिटीने दिलंय असं सांगतो. जुना ड्रायव्हर १७ टाकला की चालतं. ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट = येस’ लिहिलं तरी चालतं. काय करू?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचं काही बिघडलेलं नाही. १७ पर्यंत ड्रायव्हर स्वतःहून एन्क्रिप्शन मागत नव्हता, २०२२ मध्ये आलेला १८ मागतो, आणि मागितलं की सर्टिफिकेटही तपासतो. तुमच्या सर्व्हरवर कधी सर्टिफिकेट लावलेलंच नाही, म्हणून एसक्यूएल सर्व्हर सुरू होताना स्वतःच एक बनवून घेतो. ड्रायव्हरला ते अनोळखी वाटतं. ‘ट्रस्ट = येस’ म्हणजे सांगलीचं ‘रिक्वायर’, नाव तेवढं वेगळं.

सोमवारी ऑफिस चालू व्हायला हवं म्हणून आज ती ओळ टाकलीत तर समजू शकते. पण तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात काढा. पॉवरशेलमध्ये ‘न्यू-सेल्फसाइन्डसर्टिफिकेट’ आहे, त्याला सर्व्हरचं तेच नाव द्या जे कनेक्शनच्या ओळीत लिहिता. ओळीत आयपी असेल तर आधी तिथे नाव आणा. की एक्स्चेंजचा पर्याय द्यायला विसरू नका. सर्टिफिकेट मशीनच्या स्टोअरमध्ये जाईल. तिथे एसक्यूएल सर्व्हरची सेवा ज्या अकाउंटवर चालते त्याला प्रायव्हेट की वाचायची परवानगी द्या, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मग कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये ते निवडून सेवा पुन्हा सुरू करा. शेवटी कीशिवाय एक्सपोर्ट करून ती फाइल प्रत्येक कॉम्प्युटरवर ट्रस्टेड रूटमध्ये घाला. मुदत न सांगितल्यास एक वर्ष मिळते, तेव्हा पुढच्या वर्षीची आठवण आजच लावा.

हिशेब, पार्ट्यांचे नंबर, कामगारांची बँक खाती, सगळं त्या तारेवर असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्या आकड्याने घाबरवायचं नाही मला. कामगारांची खाती तुमच्या भरवशावर आहेत, तेवढं कारण पुरेसं आहे.

प्रश्न : सर्टिफिकेट सकाळीच बनवलं. ऑफिसातल्या एका जुन्या पीसीवर ‘अजून वैध नाही’ असं येतं. बाकी सगळीकडे चालतं.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : त्या पीसीचं घड्याळ बघा. लाइट जाऊन आल्यावर तारीख काही वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. तो बदला.

प्रश्न : आमची टीम छोटी आहे, चौघं, तीन गावांत. टेस्टसाठी बनवलेला सीए, त्याच्या कीसकट, सोयीसाठी गिटमध्ये ठेवलाय. आणि सगळ्यांनी तो आपापल्या लॅपटॉपच्या सिस्टिम ट्रस्ट स्टोअरमध्येही घातलाय, म्हणजे ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत कुठेच एरर येत नाही. फक्त टेस्टचाच आहे, तेव्हा धोका नसावा?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : हे पत्र वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. तुमच्यासाठी तो सीए टेस्टचा आहे. तुमच्या लॅपटॉपसाठी तो नुसता सीए आहे. सिस्टिम स्टोअरमध्ये बसलेला सीए कुठल्याही नावावर सही करू शकतो, तुमच्या बँकेच्या नावावरही, आणि ब्राउझर ती मानेल. त्यासाठी लागणारी की गिटमध्ये आहे, म्हणजे ज्याला ती रिपॉझिटरी कधीतरी दिसली त्याच्या हातात आहे.

हे पूर्वी झालेलं आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोव्होच्या काही लॅपटॉपांवर आधीच घातलेल्या सुपरफिश नावाच्या जाहिरातीच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण बाहेर आलं. त्याने सिस्टिममध्ये आपला रूट घातला होता, आणि सगळ्या लॅपटॉपांवर की एकच. तिचा पासवर्ड एका संशोधकाने काही तासांत शोधून काढला. त्या दिवसापासून ती की ज्याच्याकडे, त्याला त्या लॅपटॉपवाल्यांपुढे कुठलीही वेबसाइट बनून उभं राहता येत होतं.

इचलकरंजीच्या वाचकांना मी ट्रस्टेड रूटमध्ये घालायला सांगितलं, मग तुम्हाला का नको, असं विचाराल. त्यांचं ते एका सर्व्हरचं सर्टिफिकेट आहे, त्याला दुसऱ्यावर सही करायचा अधिकार नाही. तुमच्या सीएला आहे. फरक त्या अधिकाराचा.

आजच चौघांनी तो रूट सिस्टिम स्टोअरमधून काढा. गिटमधून नुसती फाइल पुसून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहते, तेव्हा तो सीएच मोडीत काढा आणि नवा बनवा. नव्याची की एकाच्याच मशीनवर, पासवर्डने कुलूपबंद, सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर सही करताना तेवढीच बाहेर. गिटमध्ये सीएचं सर्टिफिकेट ठेवायला हरकत नाही, ते वाटण्यासाठीच असतं. आणि प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला रूटचा रस्ता त्याच्या स्वतःच्या कनेक्शनच्या ओळीत द्या : पोस्टग्रेसला ‘एसएसएलरूटसर्ट’, मायएसक्यूएलला ‘एसएसएल-सीए’, जावाला वेगळी ट्रस्टस्टोअर फाइल. तुमच्या सीएवर विश्वास तुमच्या अ‍ॅप्लिकेशनने ठेवायचा आहे, लॅपटॉपने नाही. नवा सीए लावला की जुन्याच्या सहीचं सर्टिफिकेट पुढे करून बघा, आणि चौघांच्याही मशीनवर जोडणी तुटते का ते मला कळवा.